हाफशेठचा विमा

बागकामाच्या कंत्राटदाराचा धाकटा भाऊ रोज सकाळी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून मजुरांची हजेरी घ्यायचा. नाव पुकारताना तो मान वर करत नसे. समोरच्याने "हजर" म्हटलं तरी तेच नाव पुन्हा एकदा, जरा वरच्या पट्टीत घ्यायचा. मग त्या माणसाने दुसऱ्यांदा "हजर" म्हणायचं. असं का, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला त्या दिवशी शेणखताची पोती उचलावी लागली असती.

मजूर तोंडावर त्याला शेठ म्हणत आणि पाठीमागे हाफशेठ. नाव मुकादमाने ठेवलं होतं. "मोठे ते अख्खे शेठ, हे अर्धे," तो म्हणायचा, "आणि अर्ध्याच हळकुंडाने पिवळे झालेत." हाफशेठला हे नाव ठाऊक नव्हतं. मजूर खुरपी धारेला लावताना एकमेकांकडे बघून हसत, तेव्हा त्याला वाटे, दुसऱ्या कुणाची तरी मजा चाललीय. मग तोही थोडंसं हसून घेई.

तो वाईट नव्हता, चांगलाही नव्हता. परीक्षेत दोनदा आपटला, तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "शिकून काय दिवे लावणार आहेस? चल माझ्याबरोबर." तेव्हापासून तो बरोबर होता. रोपांतलं त्याला फारसं कळत नसे. उन्हातली झाडं सावलीत आणि सावलीतली उन्हात लावून त्याने एका डॉक्टरचं अख्खं अंगण करपवलं होतं. हिरवळीचे गुंडाळे अंथरताना सांधे जुळवायचा त्याला कंटाळा येई. लोडर मात्र बरा यायचा. छोटा, पिवळा, पुढे बकेट असलेला, एका माणसापुरती जागा असलेला लोडर. त्यात बसला की गडी दोन वीत उंच दिसे.

दुपारी मजूर झाडाखाली गोल करून जेवत. तो त्यांच्यात बसत नसे. लोडरच्या पायरीवर वेगळा बसून डबा खायचा आणि खाऊन झाल्यावर हात धुवायला कुणाला तरी पाणी ओतायला लावायचा.

शनिवारी संध्याकाळी पगार वाटला जाई. त्या गर्दीत थांबणं त्याला आवडत नसे, घामाचा वास येतो म्हणे. तो वर घरी निघून जायचा. घर म्हणजे खाली गोदाम, ऑफिस आणि मोठ्या भावाचं बिऱ्हाड. वरच्या दोन खोल्यांत हा, त्याची बायको आणि त्यांची मुलगी. स्वयंपाक सगळ्यांचा खाली, एकत्र. हाफशेठला पगार नव्हता. घरच्या माणसाला कसला पगार? काही लागलं तर वहिनीकडे मागायचं. वहिनी कपाट उघडायची, नोटा हातात धरायची आणि विचारायची, "कशाला?" तो सांगायचा. मग ती म्हणायची, "गेल्या महिन्यात तर घेतली की चप्पल तिला." आणि द्यायची. द्यायची नक्की, त्यात खोट नाही.

त्याची बायको हे सगळं बघे. तिला घरात धाकटी म्हणत. ती एकदा म्हणाली, "तुम्ही दादांना सांगा ना, महिन्याचं काहीतरी ठरवून द्या म्हणून."

"वेडी आहेस का? ठरवून मजुरांना देतात."

"मजुरांना निदान माहीत तरी असतं, आपलं किती ते."

"आपलं सगळंच आहे," हाफशेठ म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

*

विम्याची गोष्ट निघाली ती एका मोठ्या कामामुळे. शहराबाहेर टेकडीच्या उतारावर एका कंपनीची नवी कचेरी उभी राहत होती. उतार कापून त्याच्या पायऱ्या करायच्या, दगडी बांध घालायचे, मागे खडी भरून पाण्याला वाट द्यायची, वर माती, मग हिरवळ आणि झुडपं. वर्षभराचं काम आणि पुढे देखभालीचं कंत्राट. दादाने आजवर बंगल्यांची अंगणं केली होती. एवढा घास त्याच्या ताटात पहिल्यांदाच पडत होता. पण फाटकावरच्या माणसाने लोडर आत सोडला नाही. विमा दाखवा, मग आत या.

म्हणून विमा एजंटला घरी बोलावलं. हा एक किडकिडीत इसम होता, खुर्चीच्या कडेवर बसणारा. जणू पूर्ण खुर्ची वापरली तर भाडं द्यावं लागेल.

"शेठ, गवत कापताना खडा उडतो," तो म्हणाला. "कुणाच्या गाडीची काच फुटते, कुणाचा डोळा जातो. हा तिऱ्हाइतासाठीचा विमा. खोदताना कुणाची पाण्याची लाइन फुटली, तेही ह्यातच. मजूर पडला, तो कामगारांचा विमा. लोडर उलटला, तो यंत्राचा. आणि तुम्ही स्वतः पडलात, तर तुमचा वेगळा."

"मी पडेन म्हणतोस?"

"नाही हो शेठ, तुम्ही कशाला पडाल?"

"मग कशाला घेऊ?"

सगळे हसले. शेवटी दादाने स्वतःचा घेतलाच, कारण वहिनीने डोळे वटारले. मग मजुरांची नावं घालायची वेळ आली. एजंट एकेक नाव लिहीत गेला. मुकादम, मुकादमाचा जावई, बाकीचे.

"लोडर कोण चालवतं?"

"हा," दादाने भावाकडे हनुवटी केली.

"मग ह्यांना चालक म्हणून घालतो. कामगारांत."

दादाने हातातला कप खाली ठेवला. "माझ्या भावाला मजुरांत घालतोस? माझ्या घरात बसून?"

"तसं नाही शेठ, म्हणजे कागदापुरतं..."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या. सख्ख्या भावाला नोकर लिहिलं म्हणून."

हाफशेठ भिंतीला टेकून उभा होता, तो ताठ झाला. एजंटने पेन फिरवलं. "मग भागीदार म्हणून घेऊ? तुमच्यासारखाच वेगळा विमा होईल. फक्त भागीदारीचा कागद लागेल एक."

इथे दादा थोडा थांबला. थोडाच. मग मोठ्याने हसला. "भावाभावात कागद? अरे, उद्या जेवायला बसताना पण सही मागशील!"

सगळ्यात मोठ्याने हाफशेठ हसला. धाकटी चहाचे कप उचलायला आली होती. तिने दारातूनच विचारलं, "मग ह्यांचं कशात?"

"घरच्या माणसाला विमा कशाला गं?" वहिनी म्हणाली. "आम्ही काय मेलोय?"

धाकटी कप घेऊन आत गेली. एजंटने यादी मिटली. कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला काही खर्च येत नाही, आणि एकदा चढलेल्या माणसाला, खाली कसा उतरणार, हे विचारायला कुणी जात नाही.

*

टेकडीवर काम सुरू झालं. वरच्या पायरीवर माती चढवायची होती आणि कचेरीचे साहेब दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. माती जड झाली होती. दादा खाली ट्रकमधून रोपं उतरवून घेत होता. त्याने खिशातून लोडरची किल्ली काढली आणि भावाकडे फेकली.

"आज सगळी वर गेली पाहिजे. बकेट भरून घे. मुंगीसारखी चिमूटचिमूट नेऊ नकोस."

हाफशेठने किल्ली झेलली आणि मजुरांनी झेललेली बघितली का, ते पाहिलं.

लोडरचं गणित सोपं आहे. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवली तर यंत्राचा तोल खाली राहतो. ती वर उचलली की सगळं वजन वर जातं. सपाटीवर ते खपून जातं. उतारावर, तेही आडवं जाताना, एक चाक ओल्या मातीत वीतभर रुतलं तरी पुरतं. हाफशेठला हे माहीत होतं, कारण हेच तो मजुरांना ओरडून सांगायचा. पण बकेट खाली ठेवली तर समोरच्या दगडी बांधाला घासत होती. म्हणून त्याने ती उचलली.

लोडर सावकाश कलला. इतका सावकाश, की हाफशेठला उडी मारायला वेळ मिळाला. तिथेच चूक झाली. आत पट्टा बांधून बसला असता, तर वरच्या लोखंडी चौकटीने त्याला वाचवलं असतं. ती चौकट त्याचसाठी असते. पण पट्टा तो बांधत नसे. पट्टा बांधला की रुबाब जातो. तो बाहेर झेपावला आणि लोडर त्याच्या मागोमाग आला.

डावा पाय मांडीपासून यंत्राखाली गेला. एक मजूर हसला. त्याला वाटलं, शेठ घसरले. मग आवाज आला, आणि तो हसायचा थांबला.

मुकादमाने दगडी बांधाची पहार घातली, सगळ्यांनी मिळून लोडर उचलला. त्याला ओढून काढताना हाफशेठ ओरडत होता, "हळू, हरामखोरांनो, हळू!" तेवढ्यातही तो त्यांच्यावर ओरडतच होता. इस्पितळात पाय गुडघ्याच्या वरून कापला.

*

आठवडा गेला. दादा रोज यायचा, फळं आणायचा, पंख्याचा वेग कमीजास्त करायचा. मग एका संध्याकाळी एजंटला घेऊन आला. वहिनीही होती. धाकटी उशाशी बसली होती.

"एक वाट आहे," एजंट म्हणाला. खुर्ची असून तो उभाच होता. "मजुरांच्या नावांची यादी अजून विमा कंपनीत गेलेली नाही. माझ्याच बॅगेत आहे. पैसे भरलेत तेवढीच माणसं बसतात, पण एक नाव काढून तुमचं घालता येईल. चालक म्हणून. मग पायाची भरपाई मिळते. चांगली मिळते."

"कुणाचं नाव काढणार?" धाकटीने विचारलं.

"मुकादमाच्या जावयाचं. तो काय, हातीपायी धड आहे," दादा म्हणाला. "विमा कंपनीचा सर्वेअर येईल चौकशीला. तू फक्त एवढं म्हणायचं, की मी ह्यांच्याकडे कामाला आहे. पगारी. तुला महिन्याचा आकडा सांगून ठेवतो."

हाफशेठ छताकडे बघत होता. "म्हणजे नोकर?"

"कागदापुरतं रे."

"मजुरांसमोर म्हणायचं?"

"मजुरांसमोर कशाला? सर्वेअरसमोर."

"पण मुकादमाला कळेल."

धाकटीच्या तोंडून शब्द निसटला, "पाय गेलाय तुमचा, आणि मुकादमाची काळजी पडलीय!" मग ती दादाकडे वळली. "दादा, खरं तेच सांगू की. हे तुमच्या बरोबरीने धंद्यात आहेत. इतकी वर्षं राबलेत. तसा कागद करा."

वहिनीने पिशवीतून मोसंबं काढलं आणि सोलायला घेतलं.

"मागच्या तारखेचा भागीदारीचा कागद केला तर तो खोटा," दादा म्हणाला. "आणि नोकर म्हणणं काय खोटं आहे? काम करत होता ना?"

"मग पगार द्यायचा होतात."

"जेवत नव्हतात?" वहिनी मोसंब्यावरून नजर न उचलता म्हणाली. "वर राहत नव्हतात? पोरीची फी कोण भरतं?"

"म्हणूनच म्हणते, वहिनी. नोकर असते तर एवढं ऐकून घ्यावं लागलं नसतं."

"पुरे," हाफशेठ म्हणाला. बायकोला. "दादा सांगतोय तसं होईल."

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना एजंट दारात थबकला आणि दादाला हळू म्हणाला, "ह्यात अजून एक फायदा आहे शेठ. एकदा नोकर म्हणून सही केली, की उद्या हिस्सा-बिस्सा काही निघत नाही." त्याला वाटलं, आपण हळू बोललो. धाकटीने ऐकलं. दादानेही ऐकलं, आणि पुढे होऊन एजंटसाठी दार धरलं.

त्या आठवड्यात हाफशेठ पाठ करत बसला. कामाला आहे. चालक आहे. इतका पगार. ते शब्द उच्चारताना तो ओठ असे मुडपायचा, जसं कडू औषध जिभेच्या मागे ढकलावं. धाकटी म्हणायची, "म्हणा, पुन्हा म्हणा. आता तेवढंच आहे आपल्याकडे." ती नवऱ्याला नोकर व्हायला शिकवत होती आणि तो चुकत होता.

*

सर्वेअर बाई घरी आली, कारण तोवर त्याला घरी सोडलं होतं. मध्यम वयाची, गळ्यात चष्मा अडकवलेली, चिखलाचे बूट दारात काढून ठेवणारी. ती आधी टेकडीवर जाऊन आली होती. हाफशेठला खालच्या बैठकीत दिवाणावर बसवलं होतं, कापलेल्या पायावर चादर. दादा खुर्चीत, एजंट त्याच्या शेजारी. बायका आतल्या दारात. मुकादमाला बोलावून घेतलं होतं, तो उंबऱ्यापाशी टोपी हातात धरून उभा होता. दादाने त्याला सकाळीच पढवलं होतं. पढवताना जावयाचं नाव निघालंय हेही त्याला कळलं होतं. "बरं शेठ," एवढंच तो म्हणाला होता.

"तुम्ही ह्यांच्याकडे काय करता?" बाईने विचारलं.

"कामाला आहे. चालक." हाफशेठने एका दमात सांगितलं. पगाराचा आकडाही सांगितला, न विचारताच.

"पगार कधी मिळतो?"

हे पाठांतरात नव्हतं. "महिन्याला."

"तारीख?"

तो दादाकडे बघू लागला. बाईने कागदावर काहीतरी लिहिलं. टेकडीवर तिने मजुरांना हाच प्रश्न विचारला होता, आणि सगळे एका सुरात शनिवार म्हणाले होते.

"मुकादम, हे तुमच्या हाताखाली होते का?"

मुकादमाने टोपी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. "माझ्या हाताखाली? बाई, पाप लागेल मला. शेठ आहेत ते आमचे. कुणाला ठेवायचं, कुणाला घालवायचं, सगळं त्यांच्या हातात. त्यांनी हजेरी घेतल्याशिवाय आम्ही खुरपंसुद्धा उचलत नाही." मग तो दिवाणाकडे वळला. त्याच्या आवाजात एवढी अदब होती की खोलीतल्या कुणालाही तिच्यावर बोट ठेवता आलं नसतं. "माझ्या जावयाला तुम्हीच ठेवलं, तुम्हीच काढलं. आमची काय बिशाद? खरं की नाही, शेठ?"

इतक्या वर्षांत मुकादम त्याच्याशी असं कधी बोलला नव्हता. हाफशेठचे खांदे आपोआप मागे गेले. चादरीखालचा उरलेला पाय ताठ झाला.

"ते आहेच," तो म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं. धाकटीने दारात डोळे मिटले.

बाईने पेन खाली ठेवलं. "म्हणजे हे मालक आहेत." ती दादाकडे बघत होती. "भागीदार असतील तर तसं सांगा, मी तसं लिहिते. पण नोकर म्हणून दावा दाखल झाला आणि ते खोटं निघालं, तर कंपनी तुमच्या सगळ्या पॉलिसी रद्द करते. माहीत असेल तुम्हाला."

पॉलिसी रद्द म्हणजे टेकडीचं फाटक बंद. आणि भागीदार म्हणजे अर्धं. दादाने रुमालाने मान पुसली. त्याला फार वेळ लागला नाही.

"भागीदार नाही."

"मग नोकर?"

"नोकरही नाही."

"मग यंत्रावर काय करत होते?"

"त्याचं काय आहे बाई," दादा म्हणाला, "तो असतो असाच इकडं-तिकडं. काही करत नाही. मजुरांवर ओरडायची हौस. घरचा आहे म्हणून आम्ही चालवून घेतो. नोकर म्हणालो ते त्याच्यावरच्या दयेपोटी. चुकलं माझं, तो दावा मागे घेतो. त्या दिवशी मी खाली रोपं उतरवत होतो, आणि हा गेला लोडर घेऊन."

"किल्ली कोणी दिली?"

"मी नाही दिली."

"नीट आठवून सांगा. तुम्ही दिली असेल तर अपघाताची जबाबदारी तुमची, आणि ह्यांना तुमच्याकडून भरपाई मागता येईल. त्यांनी न विचारता घेतली असेल, तर त्यांना कुठूनच काही मिळणार नाही."

"मी नाही दिली," दादा पुन्हा म्हणाला. ह्या वेळी जास्त सहज.

"दिली होती!" धाकटी पुढे आली. "फेकून दिली होती. ह्यांनी झेलली."

"तुम्ही तिथे होतात?"

"नाही. ह्यांनी सांगितलं मला."

बाईने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, "मी वर बांधाशी होतो बाई. मला खालचं काय दिसणार?" त्याला दिसलं होतं. पण त्याचा रोजचा भाकरतुकडा अख्ख्या शेठकडे होता, आणि अर्ध्याचा हिशेब त्याचा एवढ्यात चुकता झाला होता.

मग बाई दिवाणाकडे वळली. तिचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही सांगा. किल्ली कोणी दिली?"

हाफशेठ भावाकडे बघत होता. दादा खिडकीकडे बघत होता. आतून वहिनी बोलली, अगदी मायेने, "बोल ना रे बाबा. खरं ते बोल. एकाच छपराखाली राहायचंय आपल्याला."

वरच्या दोन खोल्या. पोरीची शाळा. जिन्याच्या पायऱ्या, ज्या त्याला आता दुसऱ्याच्या खांद्यावरून चढाव्या लागत होत्या.

"मीच घेतली," तो म्हणाला.

"न विचारता?"

"हो. हौसेनं."

बाईने ते लिहून घेतलं, त्याची सही घेतली, दारात बूट घातले आणि गेली. मुकादमही टोपी घालून गेला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला, आधी अख्ख्याला, मग अर्ध्याला.

दादाने मांडीवर थाप मारली. "'ते आहेच' म्हणे! पाय गेला, पण शेठगिरी जाईना. सगळं हातात आलेलं घालवलंस." वहिनी म्हणाली, "जाऊ दे, नशीब एकेकाचं," आणि भाजी चिरायला बसली.

यंत्राच्या विम्याचं मात्र झालं. परक्याने परवानगीवाचून नेलेलं यंत्र म्हणून लोडरचा दावा मंजूर झाला. तो दुरुस्त होऊन, नवा पिवळा रंग लावून परत आला. त्यावर नवा चालक ठेवला. त्याचं नाव पहिल्याच दिवशी यादीत गेलं. मुकादमाच्या जावयाचंही परत घातलं.

*

लोडर आला त्या आठवड्यात एका सकाळी धाकटी गोदामाच्या दारात मजुरांच्या रांगेत उभी राहिली. आता हजेरी मुकादम घ्यायचा. त्याने तिला पाहिलं आणि खुर्चीतून उठला.

"वहिनीसाहेब, काही हवंय?"

"नाव लिहा माझं."

"कशात?"

"खुरपणीच्या बायकांत. आणि विम्याच्या यादीतही."

मुकादमाला हसावं की नाही कळेना. तो आत जाऊन दादाला घेऊन आला. दादा दात घासत होता, तसाच तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

"काय तमाशा लावलाय? घरच्या बाईने मजुरी करायची?"

"करायची," ती म्हणाली. "शनिवारी सगळ्यांबरोबर पैसे घेईन. तुमच्यासमोर सही करीन. वहिनींना विचारायला नको आणि वहिनींनी कशाला म्हणून विचारायला नको."

"लोक काय म्हणतील?"

"ते तुम्हीच सांगा. मी कामाला उशीर करत नाही."

रांगेतल्या बायका माना खाली घालून ऐकत होत्या. दादाने थुंकून ब्रश हातात घेतला. त्याने हिशेब केला असावा. टेकडीवर खुरपणीला माणसं कमी पडत होती, आणि ही इथेच राहणारी, न चुकता येणारी. "नव्या बायकांचा दर लाव," तो मुकादमाला म्हणाला. "शिकाऊ. पहिले तीन महिने." आणि आत गेला.

मुकादमाने पेन उघडलं. इतकी वर्षं तो तिला वहिनीसाहेब म्हणत होता. "नाव?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याला ते नीट लिहिता येईना, तिने अक्षर अक्षर सांगितलं.

वरच्या खिडकीत कुबड्यांचा आवाज झाला. हाफशेठ उठून आला होता. त्याने खाली पाहिलं, आणि त्याला काय चाललंय ते समजायला थोडा वेळ लागला.

"ए! ए, वर ये आधी! शेठची बायको मजुरांत बसते?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. धाकटीने वर पाहिलं नाही. एका बाईने तिच्या हातात खुरपं दिलं, ते तिने धारेवर अंगठा फिरवून बघितलं.

"ऐकतेस का? माझी लाज घालवतेस!"

मजूर ट्रकच्या फळीवर चढू लागले. ती शेवटून दुसरी चढली. ट्रक सुरू झाला, तेव्हा खिडकीतला आवाज बदलला. त्यातली जरब गेली.

"अगं, दुपारी येशील ना? मला जिना उतरता येत नाही. जेवायचं काय?"

"सुट्टी संध्याकाळी होते," ती ओरडून म्हणाली. ट्रक फाटकाबाहेर पडला. खालून वहिनी जेवायला हाक मारेल, म्हणून हाफशेठ खिडकीत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.